मूठभर कोंड्याचं पोर

ता. २० नोव्हेंबर १९३६, शुक्रवार. लोणावळे

सहावी पास होऊन रेल्वेत लागलो तेव्हापासून सही आणि गाडीची वेळ, एवढंच माझं लेखन. आज ही वही आणली ती खंबाटा डॉक्टरांच्या हुकमानं. ते आमच्या रेल्वे दवाखान्यातले पारशी डॉक्टर, म्हातारे आणि खवट. म्हणाले, काय खाल्लं आणि पोट कधी दुखलं ते रोज लिहून ठेव, मग मला दाखव. रोज भाकरी आणि कालवण, त्यात लिहायचं काय डोंबल? त्यांच्यासाठी जेवणाचा वेगळा कागद करीन. ही वही माझी. हिच्यात मी वाटेल ते लिहीन.

तर मी नथू रखमाजी शेडगे, वय तीस, लोणावळे यार्डात सांधेवाला. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते साहेब ठरवतात, पण दांडा ओढून सांधा फिरवतो मी. छातीच्या खाली कुणी निखारा ठेवावा तसं माझं पोट दुखतं. दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात दांडा हातात असताना मी वाकलो आणि नेमकं स्टेशनमास्तरनं पाहिलं. म्हणून ही डॉक्टरची वारी.

डॉक्टरांनी लहानपणचं विचारलं. म्हणालो, झकास गेलं, आणि माझी ठरलेली गोष्ट सांगितली. माझ्या आधी आईची चार पोरं गेली. मी झालो तेव्हा तिनं यमाला फसवायचं ठरवलं. मला उकिरड्यावर टाकलं, सुपात घालून ओढलं, शेजारच्या खतीजाबीला मूठभर कोंड्याला विकलं, नाक टोचून नथ घातली आणि नाव ठेवलं नथू. असलं टाकाऊ पोर यम कशाला नेतोय? बाकीच्या बायका हे बारशापुरतं करतात. आमची आई पक्की. तिनं मला कधी मांडीवर घेतलं नाही, कधी गोड बोलली नाही. मी रडलो की अंगणातून ओरडायची, मरतंय तर मरू दे. ही गोष्ट ऐकून सगळं यार्ड हसतं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, मग तुला उचलून कोण घ्यायचं? म्हणलं, उचलायला मी काय तांदळाचं पोतं होतो? तरी हसले नाहीत. माणूस रुक्ष आहे.

घरी येताना बाजारातच दुखायला लागलं. डॉक्टरनं आज दिलेली पांढरी पूड बाधली असणार.


ता. २९ नोव्हेंबर, रविवार

गुलजार आज कामावर लय रंगात होता. गुलजार म्हणजे त्याच खतीजाबीचा धाकटा मुलगा, माझ्याबरोबर यार्डात सांध्यावरच आहे. मला भाऊ म्हणतो. म्हणतो, तू आमचा विकत घेतलेला भाऊ, कोंडा परत दे नाहीतर आमच्या घरी राहायला ये. आज इंजिनावरचा एक नवा फायरमन आला होता, त्याला माझ्या तापाची गोष्ट सांग म्हणून मागं लागला.

मीही सांगितली. सात वर्षांचा होतो. ताप असा की उठून बसवेना. आईनं मला उचलून... उचलून नव्हे, बखोट धरून गोठ्यात नेलं, बैलांच्या शेजारी गवतावर टाकलं आणि स्वतः अंगणात उभी राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, हे कार्टं आज जातंय वाटतं, बरं झालं, एक खाणारं तोंड कमी. यमाला वाटलं, हिलाच नको तर आपण कशाला न्यावं? गेला बिचारा हात हलवीत. फायरमन हसून हसून खाली बसला.

संध्याकाळी जोरात दुखलं. शेंगदाणे खाल्ले होते. शेंगदाणे बंद.


ता. ६ डिसेंबर, रविवार

घरातलीचं नाव लिहितो, वही कोण वाचतंय. शालू. लग्नाला सहा वर्षं झाली आणि आता कुठं देव पावलाय, दिवस भरत आलेत. तिला माहेर असं राहिलेलं नाही, म्हणून बाळंतपण इथं क्वार्टरमध्येच.

आज दुपारी भाकरी खाऊन बसलो होतो तर शालू म्हणाली, हात द्या जरा. आणि माझा हात तिनं आपल्या पोटावर ठेवला. आतून पोरानं लाथ मारली. मी ताडकन उठलो. म्हणलं, पाणी भरायचं राहिलंय. हंडे काठोकाठ भरलेले होते, ते तिनंही पाहिलं, मीही पाहिलं. तरी एक घागर घेऊन नळावर जाऊन आलो.

पोट दुखलं. लसणाची चटणी. तीही बंद करतो. असंच चाललं तर खायला फक्त हवा उरेल.


ता. १९ डिसेंबर, शनिवार

मुलगा झाला. दोघं बरी आहेत. झुंबरबाई सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी नुसता उभा राहिलो, तिला नारळ द्यायचाही विसरलो.

आई मळवलीहून दुपारच्या पॅसेंजरनं आली. आमचं गाव मळवलीच्या स्टेशनापासून दीड कोस. एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात सूप. ते सूप बघून मला हसू आलं. म्हातारी तयारीनं आली होती. आत जाऊन तिनं पोराकडं लांबूनच बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "कसलं ह्ये काळं बेनं. घुबडावानी डोळं. ह्याला कोन इचारतंय?"

शालूचा चेहरा पडला. तिला मी समजावलं की आईची ही जुनी विद्या आहे, हिच्याच जोरावर मी उभा आहे. मी पोराला दारातून पाहिलं. गोरंपान आहे खरं तर. पण ते बोललो नाही.


ता. २४ डिसेंबर, गुरुवार

काल पाचवी झाली. आज पोराची विक्री. गुलजारची बायको अमिना मूठभर कोंडा घेऊन आली, आईनं पोर सुपात घालून उंबऱ्याबाहेर ढकललं, अमिनानं कोंडा टाकून उचललं आणि परत आणून दिलं. नाव कोंड्या. शालूही हसत होती. तिला तिच्या वडलांचं नाव, अंबाजी, ठेवायचं होतं, ते तिनं पोराच्या कानात सांगून घेतलं.

संध्याकाळी आईनं बाकीचे नियम सांगितले तेव्हा मात्र ती हसायची थांबली. पाजण्यापुरतं घ्यायचं, पाजलं की खाली ठेवायचं. मुका घ्यायचा नाही. राजा, सोन्या असलं काही म्हणायचं नाही. पाळणा बांधायचा नाही, दाराजवळ गोणपाटावर ठेवायचं. रडलं तरी उचलायचं नाही. शालू माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणलं, आई सांगते ते बरोबर आहे.

हे पोर सहा वर्षांनी मिळालंय. ते जगलं पाहिजे, बाकी काही का होईना.


ता. १० जानेवारी १९३७, रविवार

घरात भांडण. मी ड्यूटीवरून भुकेला आलो तर पोर गोणपाटावर टाहो फोडतंय, आई चुलीपाशी पाठ करून बसलेली आणि शालू भिंतीला टेकून डोळे पुसतेय. मी आत पाऊल टाकलं आणि तिनं काय मनात आणलं कोण जाणे, आमच्या देखत पोर उचललं आणि खांद्यावर घेतलं. ते गप झालं. आई कडाडली. म्हणाली, माझ्या नातवाला खाशील तू.

मीही आईच्या बाजूनं बोललो. म्हणलं, तिनं मला असंच वाढवलं. माझ्याकडं बघ.

शालूचा आवाज चढला नाही. म्हणाली, "तुमच्याकडंच बघतेय. म्हणून तर उचललं."

म्हणजे काय, मला काय झालंय? कमावतो, दारू पीत नाही, बायकोवर हात उगारला नाही कधी. बाहेर जाऊन रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर बसलो. पोटात नुसती आग. पिठलं तिखट झालं होतं असं लिहिणार होतो, पण पिठलं मी खाल्लंच नाही. भांडणात जेवण राहूनच गेलं.


ता. २४ जानेवारी, रविवार

शालू आठवडाभर तापानं पडून आहे. पोर आईच्या ताब्यात. पाजायला तेवढं शालूकडं देते आणि लगेच काढून घेते.

पोर आता रडत नाही. आई म्हणते शहाणं झालं. आज तिचं लक्ष नव्हतं तेव्हा मी गोणपाटापाशी वाकलो. जागं होतं. कौलांकडं बघत पडलं होतं. मी तोंडानं टक टक केलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवून परत कौलांकडं बघायला लागलं. मला उगाच कसंतरी झालं. हे आपल्या ओळखीचं आहे असं वाटलं. काय ओळखीचं ते कळेना. लहान पोर काय, शांत असलं तर चांगलंच की.

आज फक्त दूधभात खाल्ला होता. तरी दुखलं.


ता. २ फेब्रुवारी, मंगळवार. दवाखाना

बसून लिहायची परवानगी आज मिळाली. बुधवारी सांध्यावर उभा होतो, पुण्याची मालगाडी आत घ्यायची होती, आणि तोंडातून चहाच्या गाळासारखं काळं पडलं, मग लाल. गुलजारनं धावत येऊन दांडा ओढला, गाडी बरोबर घेतली आणि मग मला खांद्यावर टाकून इथं आणलं. खंबाटा डॉक्टर म्हणतात आत जखम आहे, ती फुटली. नुसतं दूध प्यायचं आणि आडवं पडायचं. पुढं सांध्यावर जाता येईल की नाही ते नंतर बघू म्हणाले.

पण लिहायचंय ते वेगळंच. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसली. आत यायचं नाव नाही. तिथूनच सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी सुरू झाली. मरंना का त्ये. कुनाला पायजे हाय. माझं मेलं तर मी साखर वाटीन. वॉर्डबॉय तिला हाकलायला गेला. शेजारच्या खाटेवरचा गार्ड मला म्हणाला, ही कोण वैरीण? डॉक्टर लालबुंद होऊन आले, म्हणाले हिला फाटकाबाहेर काढा.

मी हसत हसत म्हणलं, नको डॉक्टर, ती माझी आई आहे, यमाला फसवतेय, मी सांगितलं होतं ना तुम्हाला, तिला मी हवा आहे म्हणूनच तर ती. आणि पुढचं बोलता येईना. हसू कुठं थांबलं आणि रडू कुठं सुरू झालं ते मलाही कळलं नाही. तीस वर्षांचा बाप्या, सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडलो. लाज वाटते लिहायला. डॉक्टर खाटेवर बसले. माझं थांबेपर्यंत बसून राहिले, मग नाडी बघून गेले.

त्या गोठ्यात मी रडलो नव्हतो. ते आज आठवलं. कौलांकडं बघत पडलो होतो.


ता. ५ फेब्रुवारी, शुक्रवार

गुलजार येऊन गेला. त्याला म्हणलं, खतीजामावशीनं मला वाढवलं रे, तुम्ही सगळे कोरडी भाकरी खायचात आणि माझ्या भाकरीवर तेवढं तूप असायचं. गुलजार डोकं खाजवीत बसला. मग म्हणाला, भाऊ, आमच्या घरी कुटलं तूप? ते तुजी आई आणून द्यायची. परसातल्या दारानं. अम्मीला म्हणायची, त्याला तू दे, माज्या हातनं नको.

मी भिंतीकडं तोंड करून पडलो. आनंद व्हायला पाहिजे होता. राग आला. कुणावर ते कळेना.


ता. ८ फेब्रुवारी, सोमवार

आज आईला आत बोलावलं. तिनं ओरडायचं बंद केलंय, डॉक्टरांच्या भीतीनं. खाटेपासून चार हात लांब, जमिनीवर बसली. मी सांगितलं, शालू पोराला उचलणार, माझा तिला पाठिंबा आहे. तू आड येऊ नकोस. आणि एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तोंडाला कुलूप राहिलं नाही. म्हणलं, आये, तुला मला एकदाबी जवळ घ्यावंसं वाटलं न्हाई?

आईनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मग अगदी हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

"चौघास्नी घेतलं हुतं. मांडीवरनं खाली ठेवत न्हवते. धुरपी तर माझ्या छातीवरच झोपायची. दोगं प्लेगात गेली, रानातल्या झोपड्यात. एक गोवरानं गेलं. धुरपीला काय झालं त्येबी कळलं न्हाई, सकाळी गार लागली हाताला. घेतलं ती समदी गेली. तुला न्हाई घेतलं. तू ऱ्हायलास. आता तूच सांग नथ्या, माझं काय चुकलं?"

चार भावंडांतल्या एकाचं नाव मला आज पहिल्यांदा कळलं.


ता. २० फेब्रुवारी, शनिवार. क्वार्टर

घरी आलो. अर्ध्या पगारी रजा. दूध, पेज, मऊ भात. गुलजारनं छताला पाळणा टांगून दिलाय. शालू अंबाजीला (आता मी हेच नाव लिहिणार) कडेवर घेऊन दारात उभी राहते, चार बायका बघतात, बघू देत. तो पुन्हा रडायला लागलाय, आणि काय रडतो, इंजिनाची शिट्टी मागं पडेल. शालू म्हणते, रडू देत, त्याला आता कळलंय की रडलं की कुणीतरी येतं.

मी अजून घेतलेलं नाही. हात पुढं करतो आणि काहीतरी काम आठवतं. शालू आग्रह करत नाही.

आई कोपऱ्यात बसून असते. तांदूळ निवडते, बोलत नाही. तिच्यासमोर पोराला खेळवताना शालूला चोरट्यासारखं होतं, आणि मला दोघींचंही वाईट वाटतं.


ता. २ मार्च, मंगळवार

सकाळी देवीची लस टोचणारा आला होता. क्वार्टरांतल्या सगळ्या पोरांना दंडावर टोचून गेला. म्हणाला, आठवड्यानं फोड येईल, ताप येईल, घाबरू नका. आई तेव्हा नळावर गेली होती.

दुपारी मी पडलो होतो. शालू धुणं घेऊन बाहेर गेली आणि अंबाजी पाळण्यात रडायला लागला. मी उठणार तेवढ्यात आई उठली. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले. तिनं पोर पाळण्यातून काढलं आणि छातीशी धरलं. कसं धरायचं ते तिला आठवत होतं. डोक्याखाली हात, पाठीवर हात, आणि ओठ त्याच्या टाळूवर. मी अर्ध्या डोळ्यानं बघत होतो. आईला असं कधी बघितलं नव्हतं. ती एकदम तरुण बाई वाटली.

मग तिनं घाईघाईनं त्याला परत ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसली. मी शालूला सांगितलं नाही.


ता. १० मार्च, बुधवार

काल दुपारपासून अंबाजीला ताप. दंडावर फोड, भोवती लाल. सांगून ठेवल्याप्रमाणेच सगळं. पण आज सकाळी उठलो तर आई नाही, तिचं गाठोडं नाही. स्टेशनावर विचारलं, पहाटेच्या गाडीनं मळवलीचं तिकीट काढून गेली.

शालू म्हणाली, काल त्यांनी कपाळाला हात लावून बघितला आणि तोंड पांढरं पडलं त्यांचं. लसीचा ताप आहे हे मी सांगितलं तर म्हणाल्या, तुला न्हाई म्हाईत.

मला सगळं उमगलं. तिला वाटतंय तिच्या हातानंच.


ता. १४ मार्च, रविवार

ताप उतरून दोन दिवस झाले. दंडावर खपली धरतेय. सकाळी शालूला म्हणलं, चल, म्हातारीला पोर दाखवून येऊ. ती म्हणाली, दीड कोस चालायचं, तुमचं पोट. म्हणलं, बसत बसत जाऊ.

मळवलीला उतरलो तेव्हा शालूच्या हातात फराळाचं, दुधाचं, लंगोटांचं असं सामान होतं, म्हणून अंबाजी माझ्याकडं आला. खांद्यावर टाकला आणि चालायला लागलो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बाप्यानं तान्हं पोर घेऊन उघड्यावर चालायची आमच्याकडं रीत नाही. दत्तोबा गायकवाड बैलगाडी थांबवून म्हणाला, का रं नथू, बायकोचे हात मोडले का? मी म्हणलं, न्हाई, मला आजवर हात नव्हते, आता फुटलेत. हे बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी पोर घेतलंय. अंबाजी माझ्या मानेत तोंड खुपसून झोपला होता आणि त्याच्या लाळेनं सदरा भिजला होता.

आई शेतात होती. सगळीकडं राब भाजायचं काम चाललेलं. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा रचून पेटवतात, त्याचा धूर शिवारभर. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली आणि आधी पोराकडंच बघितलं. मी ओरडून सांगितलं, बरा हाय. ती मटकन बांधावर बसली.

जवळ गेलो तर हात पुढं करून म्हणाली, "हितं नको आणू त्याला. लांब ऱ्हा."

पोर शालूकडं देऊन मी तिच्याशेजारी बसलो. लसीचं पुन्हा समजावलं. ऐकलं तिनं, पण पटलं नाही. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. दवाखान्यात सुचलं नव्हतं ते. तू मला घेतलं असतंस तरी मी जगलोच असतो. खरं असेल ते, नसेलही. पण खरं असलं तर म्हातारीनं आपल्या हातांना तीस वर्षं बांधून ठेवलं ते कशासाठी? मी ते गिळलं.

म्हणलं, "आये, ती चौघं बारकी हुती. अंबाजीबी बारका हाय. मी थोर बाप्या हाय. आधी माझ्यावर करून बघ. मला जवळ घे. आठ दिस थांब. मी जित्ता ऱ्हायलो तर मग त्याला घे."

ती म्हणाली, मेल्या, आत्ता तर मरनातनं उठलायस.

म्हणलं, म्हणून तर. आता जाईन तर लगेच कळंल.

ती हसली की काय मला कळलं नाही, धुरानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं राखेनं भरलेले दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली, आणि माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. मला पाय कुठं ठेवावेत ते कळेना. उताराच्या बांधावर, सगळ्या शिवाराच्या देखत, मी आडवातिडवा पडून राहिलो.

निघताना येण्याचा आग्रह केला. आठ दिसांनी, म्हणाली.


ता. १९ मार्च, शुक्रवार

इतकं जपून आयुष्यात जगलो नाही. डॉक्टरांनी सांगितलेली पेज, दूध, वेळेवर. पायरी उतरताना भिंत धरतो. गुलजार म्हणतो, भाऊ, परीक्षेला बसलायस काय? म्हणलं, व्हय.

आणि नेमकं आज दुपारी दुखलं. पहिल्यासारखं नाही, पण निखारा तोच. मेलो तर एक वेळ मेलो, पण मग आई पुन्हा कधी कुणाला हात लावायची नाही. शालू पोराला पाळण्यात ठेवून माझ्याजवळ बसली आणि पोटावर हात ठेवला. उठून जावंसं वाटलं. उठलो नाही. तिचा हात गरम होता. तिला सांगितलं की मला भीती वाटते. हे वाक्य मी कधी कुणाला म्हणलं असेन असं आठवत नाही. ती म्हणाली, वाटू द्या, मी हाय हितं.

तिन्हीसांजेपर्यंत ओसरलं.


ता. २२ मार्च, सोमवार

सकाळी डॉक्टरांकडं जाऊन आलो. म्हणाले जखम भरतेय, पण पूर्वीसारखा कधी होशील असं समजू नकोस. सांध्याच्या दांड्यावर आता नाही, पार्सलच्या गोदामात बसून काम मिळेल असं लिहून देतो. थोडं वाईट वाटलं. सांधा ओढल्यावर रूळ जागेवर बसतो त्याचा आवाज मला आवडायचा.

घरी आलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि दारात बसून राहिलो. शालूला हसू येत होतं.

आई दुपारच्या पॅसेंजरनं आली. गाठोडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं, आत आली नाही. माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, खाटकानं बोकड बघावा तसं. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. जीभ काढायला लावली.

"जित्ता हायस न्हवं?"

"हाय की."

"पोट?"

"मधी एकदा दुखलं. ऱ्हायलं."

मी खोटं बोलणार होतो, पण तिच्या पुढं बोलवेना. ती तशीच उभी राहिली. वाटलं, आता गाठोडं उचलते आणि परत जाते. शालू पाळण्यापाशी दोरी धरून उभी होती.

मग आई मोरीवर गेली. हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले, परत धुतले. आत आली, पाय पसरून भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही हात पुढं करून शालूला म्हणाली, "दे हिकडं."